चूक बोटाची की बटणाची?

चिंचवड, आकुर्डी किंवा चाकणच्या बाजारपेठेत पिढीजात दुकान असलेल्या कुटुंबांत गेल्या काही वर्षांत एक प्रसंग वारंवार घडताना दिसतो. दुकानात गर्दी असते. गल्ल्यावर सत्तरी ओलांडलेले दादाजी बसलेले असतात. चाळीस वर्षांपूर्वीचे भाव त्यांना तोंडपाठ आहेत. कोणत्या गिऱ्हाइकाला किती उधारी द्यावी हा त्यांचा अंदाज सहसा चुकत नाही आणि खतावणीचे पान उघडताच बेरजेतला फरक त्यांच्या नजरेत भरतो. समोरच्या संगणकावर मात्र बिल अडकते. एक बटण दाबले की भलताच तक्ता उघडतो, दुसरे दाबले की भरलेले सारे पुसले जाते. मागून नातू म्हणतो, "दादाजी, तुम्ही राहू द्या, मी करतो." दादाजी उठतात. पहिल्या दिवशी ते घटकाभरासाठी उठतात. वर्षभरात गल्ल्यावर बसणेच सोडून देतात. कोणी विचारले तर एवढेच सांगतात, "मला आता जमत नाही."

हे वाक्य घरात सर्वांना पटते, कारण ते स्वतः दादाजीच म्हणत असतात. परंतु जमले नाही ते नेमके कोणाला? पन्नास वर्षे व्यवहार सांभाळलेल्या या माणसाला, की गल्ल्यावर असा माणूस बसणार आहे याचा विचार न करता ज्याने ते सॉफ्टवेअर तयार केले त्याला? हा प्रश्न विचारणे आणि त्याचे उत्तर प्रयोगाने शोधणे, हा आज जगभर मान्यता पावलेला व्यवसाय आहे. त्या विद्याशाखेला 'मानव-संगणक आंतरक्रिया' म्हणतात. संगणकाच्या आत काय चालते हे अभियंता पाहतो. माणूस आणि यंत्र जिथे समोरासमोर येतात, त्या पडद्यावर, बटणावर आणि आवाजात काय घडते, हे या शाखेचा संशोधक पाहतो. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर त्याचे क्षेत्र गोदाम नसून काउंटर आहे.

या विचाराची एक ठळक सुरुवात संगणकाच्याही आधी, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात झाली. अमेरिकी हवाई दलाची बी-१७ बॉम्बफेकी विमाने सुखरूप उतरत आणि धावपट्टीवर आल्यावर वैमानिक पंखांच्या झडपा मिटवण्याऐवजी चाकेच आत ओढून घेत. विमान पोटावर आदळे. चौकशीचा शेरा ठरलेला असे : वैमानिकाची चूक. आल्फोन्स चॅपॅनिस या तरुण मानसशास्त्रज्ञाने वैमानिकांना दोष न देता त्यांच्या बसण्याची जागा तपासली. चाकांचा आणि झडपांचा खटका एकमेकांशेजारी होता आणि दोन्ही दिसायला व हाताला सारखेच होते. थकलेला माणूस न पाहता हात नेत होता. चॅपॅनिसने चाकांच्या खटक्याला रबराचे छोटे चाक बसवले, झडपांच्या खटक्याला पाचरीसारखा आकार दिला. हाताला फरक कळू लागला आणि ही चूक थांबली. आजही विमानातील चाकांच्या खटक्याचे टोक चाकाच्याच आकाराचे ठेवतात. पुढे १९४७ मध्ये पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी 'वैमानिकाची चूक' म्हणून नोंदलेल्या ४६० प्रसंगांचा अभ्यास केला. अनेक चुकांचे मूळ उपकरणांच्या रचनेत आहे, असे त्यांनी दाखवून दिले.

याच फिट्स यांनी १९५४ मध्ये एक नियम मांडला. एखाद्या वस्तूपर्यंत हात पोहोचण्यास लागणारा वेळ तिच्या अंतरावर आणि आकारावर अवलंबून असतो. जवळची व मोठी वस्तू लवकर सापडते, दूरची व लहान उशिरा. दुकानदाराला यात नवे काही वाटणार नाही. रोज खपणारा माल हाताशी आणि क्वचित लागणारा माळ्यावर, ही मांडणी त्याने वडिलांकडूनच घेतलेली असते. पडद्यावरची बटणे कुठे व केवढी असावीत हे ठरवताना आज हाच नियम आकडेमोडीने वापरला जातो.

आपल्याकडे हा प्रश्न प्रथम उभा राहिला तो लिपीच्या रूपाने. संगणक इंग्रजी कळफलक घेऊन आला. ज्याला इंग्रजी येत नव्हते त्याला यंत्राच्या दारातच थांबावे लागले. आयआयटी कानपूरमध्ये १९८० च्या दशकात भारतीय लिप्यांसाठी जे काम झाले, त्यात मोहन तांबे यांचा वाटा मोठा होता. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि 'जिस्ट' या नावाने ते काम तेथे आले. संगणकात एक कार्ड बसवले की पडद्यावर देवनागरी, गुजराती, तमिळ अशा लिप्या उमटू लागत. कळफलकाची 'इनस्क्रिप्ट' ही रचनाही त्याच काळातली. तिच्यात स्वर व मात्रा डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला आणि सर्व भारतीय लिप्यांसाठी जागा त्याच. ज्याला मराठी 'क' ची कळ ठाऊक आहे त्याला गुजराती 'ક' साठी नवी कळ शोधावी लागत नाही. घरात मराठी, गुजराती आणि मारवाडी एकाच वेळी बोलणाऱ्या आपल्या कुटुंबांना या निर्णयाचे मोल वेगळे सांगायला नको. पडद्यावरच्या अक्षरवळणाचा विचार कोल्हापूरचे सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी केला. संगणकावर वर्षानुवर्षे दिसलेला 'मंगल' हा देवनागरी टंक त्यांच्या हातचा आहे.

याच वाटेवरचे पुढचे मोठे नाव म्हणजे आयआयटी मुंबईच्या आयडीसी या अभिकल्प-विद्यालयातील प्राध्यापक अनिरुद्ध जोशी. या क्षेत्रात कारकीर्द कशी घडते हे समजून घेण्यासाठी त्यांचे काम पाहणे उपयुक्त ठरेल. मध्यमवर्गीय शहरी माणसापुरते तंत्रज्ञान करणारे पुष्कळ आहेत. जोशी यांनी मात्र जो माणूस नुकताच यंत्राच्या संपर्कात येत आहे, ज्याचे शिक्षण कमी आहे, ज्याला इंग्रजी येत नाही, त्याला आपल्या अभ्यासाचा केंद्रबिंदू मानले. आरोग्य, साक्षरता, भारतीय भाषांतील लेखन, बँकव्यवहार, औद्योगिक यंत्रे आणि वस्तूंची वेष्टने इतक्या वेगवेगळ्या क्षेत्रांत त्यांनी काम केले आहे. ही यादी विस्कळीत वाटेल. परंतु प्रत्येक ठिकाणी प्रश्न एकच होता : समोरचा माणूस कुठे अडतो?

२००४ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'कीलेख' हा कळफलक मांडला. टंकलेखन न शिकलेल्या माणसालाही वर्णमाला येते, या साध्या निरीक्षणावर तो उभा होता. शाळेत पाटीवर गिरवलेला 'क ख ग घ' चा तक्ता ज्या क्रमाने डोक्यात आहे, त्याच क्रमाने अक्षरे मांडली. २००८ मध्ये 'रांगोळी' हा भ्रमणध्वनीवरील संपर्क-संग्रह त्यांनी जागतिक परिषदेत सादर केला. ज्याला नावे वाचता येत नाहीत तो माणूस रंग, चित्र आणि जागा यांवरून हवा तो क्रमांक शोधू शकेल, अशी ती कल्पना होती. एचआयव्हीबाधित रुग्णांना औषधोपचारात साहाय्य करणारी, दूरध्वनीवरून आवाजाने चालणारी एक व्यवस्थाही त्यांच्या गटाने उभी केली आणि तिचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. असा दूरध्वनी घरातले कोणीही उचलू शकते. औषधाची आठवण द्यायची आणि रुग्णाची लाजही राखायची, असा नाजूक तोल त्यात सांभाळावा लागतो. येथे तंत्रज्ञान संपते आणि माणसाविषयीची कणव सुरू होते.

सर्वसामान्यांपर्यंत पोहोचलेले त्यांच्या गटाचे काम म्हणजे 'स्वरचक्र'. २०१३ मध्ये हा कळफलक भ्रमणध्वनीसाठी विनामूल्य उपलब्ध झाला आणि पुढे मराठी, हिंदी, गुजरातीसह अनेक भारतीय भाषांत आला. 'चाकण' हा शब्द त्यावर लिहून पाहावा. 'च' वर बोट ठेवताच त्याच्याभोवती च, चा, चि, ची अशी बाराखडी चक्राकार उमलते. बोट 'चा' कडे सरकवायचे आणि उचलायचे. मग 'क', मग 'ण'. तीन वेळा बोट टेकले आणि शब्द पूर्ण झाला. जोडाक्षरासाठी चक्रातला पाय मोडलेला वर्ण निवडला की पुढे कोणती जोडाक्षरे होतील ती कळांवरच दिसतात. वेगळे काही शिकावे लागत नाही. जे दुसरीच्या वर्गात शिकलो तेच पुरते. सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या कंपन्यांत असा विचार शेवटी न करता पहिल्या दिवसापासून कसा गुंफावा, यासाठीही जोशी यांनी पद्धती आणि मोजमापे तयार केली. २००७ पासून ते या विषयाच्या आंतरराष्ट्रीय समितीवर भारताचे प्रतिनिधी झाले आणि सप्टेंबर २०१७ मध्ये तिची 'इंटरॅक्ट' ही परिषद मुंबईत भरली.

या संशोधकाचा दिवस कसा जातो, हे पालकांना कळले पाहिजे. तो बराच काळ प्रयोगशाळेबाहेर, वापरणाऱ्याच्या शेजारी असतो. दुकानात, दवाखान्यात, कारखान्यात जाऊन तो माणूस काम करताना पाहतो. नंतर कागदावर कच्चा आराखडा काढतो आणि तोच वापरणाऱ्यापुढे ठेवतो. समोरचा अडतो, चुकीचे बटण दाबतो, कपाळाला आठ्या घालतो. संशोधकाने अशा वेळी मदत करायची नसते. गप्प बसून पाहायचे असते. मदत केली की दोष झाकला जातो. मौनाचे हे बंधन या कामातले सर्वांत कठीण व्रत आहे. आपण मोठ्या कष्टाने केलेली रचना समोरच्याला कळली नाही, याचा अर्थ तो अडाणी आहे असे नसून आपली रचना कच्ची आहे, हे दररोज मान्य करावे लागते. ज्याचा अहंकार मोठा आहे त्याला ही कारकीर्द मानवत नाही. आपल्याकडे अनेकांतवाद व्याख्यानात ऐकला जातो. येथे तो पोटापाण्याचा भाग होतो, कारण एकाच पडद्याकडे अभियंता, मालक, कारकून आणि गिऱ्हाईक कोणकोणत्या बाजूंनी पाहतात, हे धरल्याशिवाय कामच पुरे होत नाही.

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात या विद्येची गरज पावलोपावली आहे. भोसरीतील किंवा चाकणमधील पॉवर प्रेसवर डाय खाली येते तेव्हा ऑपरेटरचा हात आत असता कामा नये. 'सावध राहा' असा फलक लावणे हा एक उपाय झाला. दोन्ही हातांनी दोन वेगळी बटणे एकाच वेळी दाबल्याशिवाय प्रेस चालणारच नाही अशी रचना करणे, हा दुसरा. पहिला उपाय माणसाच्या लक्षावर विसंबतो. रात्रपाळीच्या सातव्या तासाला लक्ष विचलित होणारच, हे दुसरा उपाय धरून चालतो. आपल्या समाजातील अनेक कुटुंबांचे छोटे कारखाने या पट्ट्यात आहेत. तेथे उत्पादन वाढावे म्हणून एखादे बटण दोरीने बांधून ठेवले जात असेल, तर अहिंसेचा विचार पाण्याच्या गाळणीपाशी थांबवून चालणार नाही. कामगाराची बोटे हाही जीवदयेचाच विषय आहे.

या पट्ट्यात तयार होणाऱ्या मोटारींकडे पाहा. पडदे मोठे होत गेले, खटके नाहीसे होत गेले. वाहन चालवताना पडद्यावरचे बटण शोधायचे तर रस्त्यावरची नजर काढावी लागते. खटका मात्र न पाहता हाताला लागतो. चॅपॅनिसने जे रबरी चाकाने शिकवले, तेच युरोपातील वाहनसुरक्षेचे मूल्यांकन करणारी 'युरो एनकॅप' ही संस्था पुन्हा सांगत आहे. दिशादर्शक दिवे, भोंगा, वायपर अशा मोजक्या कामांसाठी प्रत्यक्ष खटके असतील तरच सर्वोच्च गुण, असे धोरण तिने २०२६ पासून स्वीकारले आहे. चाकणला मोटार जोडणाऱ्या कंपन्या आणि त्यांना भाग पुरवणारे उद्योग यांना असा विचार करणारी माणसे लागणार आहेत.

बँकव्यवहारातली उदाहरणे तर प्रत्येक व्यापाऱ्याच्या अनुभवातली आहेत. एनईएफटी किंवा आरटीजीएसने पैसे पाठवताना खाते क्रमांकातला एक आकडा चुकला, की रक्कम अनोळखी खात्यात जमा होण्याची भीती असे. नाव बरोबर लिहिलेले असले तरी जमा क्रमांकावरून होई. पैसे परत मिळवण्यासाठी हेलपाटे घालणाऱ्याला 'नीट पाहून का भरले नाही?' हेच ऐकावे लागे. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार १ एप्रिल २०२५ पर्यंत बँकांनी पैसे पाठवण्यापूर्वी खातेदाराचे नाव पडद्यावर दाखवण्याची सोय करायची होती. यूपीआयमध्ये पैसे मागण्याची विनंती पाठवून भामटे लोकांना फसवत. 'पैसे मिळण्यासाठी पिन टाका' असे सांगत आणि माणूस पिन टाकून स्वतःचेच पैसे देऊन बसे. पैसे मिळण्यासाठी पिन लागत नाही, हे वर्षानुवर्षे सांगूनही फसवणूक थांबली नाही. अखेर १ ऑक्टोबर २०२५ पासून दोन व्यक्तींमधील ही मागणीची सोयच बंद करण्यात आली. दोन्ही ठिकाणी माणूस तोच राहिला, बदलली ती रचना. दुकानात रक्कम मोठ्याने सांगणारा छोटा डबा हेही अशाच विचाराचे फळ आहे. गर्दीत दुकानदाराचे हात आणि डोळे गुंतलेले असतात, कान मोकळे असतात.

आता घरातल्या मुलामुलींचा प्रश्न. सनदी लेखापाल, डॉक्टर, अभियंता आणि शेवटी दुकान, या चौकटीपलीकडची वाट मुलाने सुचवली की घर अस्वस्थ होते. या विद्येची वाट बंदिस्त नाही. बारावीनंतर अभिकल्पाच्या पदवीसाठी 'यूसीड' ही प्रवेशपरीक्षा आयआयटी मुंबई घेते. तिला वाणिज्य व कला शाखेचे विद्यार्थीही बसू शकतात. पदव्युत्तर शिक्षणासाठी 'सीड' ही परीक्षा आहे, मात्र प्रत्येक संस्थेची पात्रता वेगळी असल्याने ती आधी तपासून घ्यावी. १९६१ मध्ये स्थापन झालेली अहमदाबादची राष्ट्रीय अभिकल्प संस्था आणि १९६९ पासूनची आयडीसी ही जुनी शिक्षणकेंद्रे होत. संगणकशास्त्र, मानसशास्त्र किंवा मानववंशशास्त्र शिकूनही येथे येता येते. संशोधक व्हायचे असेल तर पदव्युत्तर शिक्षणानंतर पीएच.डी.ची अनेक वर्षे धरावी लागतात.

या वाटेचा हिशेब मांडताना जमेबरोबर नावेची बाजूही लिहिली पाहिजे. संशोधनाच्या वर्षांत हाती मिळणारी विद्यावृत्ती दुकानाच्या उत्पन्नापुढे तोकडी वाटेल. काम अदृश्य असते : रचना चांगली झाली की कोणाच्या लक्षातच येत नाही. चांगली रचना सर्वत्र रुजतेच असेही नाही. वर्णमालेवर आधारलेले कळफलक हाताशी असूनही असंख्य तरुण आजही रोमन अक्षरांत मराठी लिहितात. शिवाय या नावाखाली नुसते पडदे सजवणारी कामेही पुष्कळ आहेत आणि गिऱ्हाइकाला नको ते घ्यायला लावणाऱ्या फसव्या रचना करणारीही आहेत. कारकीर्द कोणत्या बाजूची करायची, हे ज्याचे त्याने ठरवायचे.

परंतु व्यापारी घरातल्या मुलाकडे या कामाचे एक भांडवल जन्मजात असते. गिऱ्हाईक दुकानात शिरताना काय पाहते, कुठे थबकते, 'नंतर येतो' म्हणताना खरोखर काय म्हणते, हे त्याने लहानपणापासून गल्ल्यामागे उभे राहून पाहिलेले असते. इतरांना हे प्रशिक्षणाने मिळवावे लागते. तेव्हा अशा मुलाने ही वाट धरली तर त्याने दुकान सोडले असे समजू नये. दुकानाने शिकवलेली विद्या तो मोठ्या काउंटरवर नेत आहे.

तोपर्यंत घरोघरी एक प्रयोग करता येईल. पुढच्या वेळी दादाजींचे बिल अडकले तर नातवाने त्यांना उठवू नये. शेजारी स्टूल घेऊन बसावे आणि थोडा वेळ गप्प राहून पाहावे. बोट कुठे जाते, डोळे कुठे शोधतात, कोणता इंग्रजी शब्द त्यांना अडवतो, हे वहीत टिपून घ्यावे. अक्षरे मोठी करता येतात. रोजच्या मालाची यादी वर आणता येते. बरीच सॉफ्टवेअर भाषा बदलू देतात. उरलेल्या अडचणींची यादी विक्रेत्यापुढे ठेवावी आणि पुढच्या वर्षीचे पैसे भरण्याआधी उत्तर मागावे. एवढे केल्यावर दादाजी पुन्हा गल्ल्यावर बसले, तर त्या घराने एका संशोधकाचे काम केले असे म्हणता येईल. आणि तरीही ते उठून गेलेच, तर निदान 'मला जमत नाही' हे ओझे मनावर घेऊन जाणार नाहीत.